ओसाकातले पूल कोणी बांधले?

जपानची सहल आखताना ओसाकाच्या वाट्याला बहुधा फक्त रात्र येते. विमान ओसाकाच्या समुद्रात भर घालून केलेल्या विमानतळावर उतरतं, म्हणून मुक्काम ओसाकात. शनिवारी सकाळची गाडी पकडून क्योतो, रविवारी नारा. दोन्ही दिवस अंधार पडल्यावर दोतोनबोरीच्या कालव्याकाठी, हात उंचावून धावणाऱ्या खेळाडूच्या त्या प्रसिद्ध पाटीसमोर एक फोटो आणि पुडाभर गरम ताकोयाकी. ‘ओसाकात खाण्यासारखं खूप आहे, पाहण्यासारखं फारसं नाही,’ असं प्रवासी एकमेकांना सांगतात. मला हे मत चुकीचं वाटतं, पण ते उगाच तयार झालेलं नाही. ओसाकात राजवाडे नाहीत, शतकानुशतकं टिकलेली लाकडी देवळं फार उरलेली नाहीत आणि 1945 च्या बॉम्बहल्ल्यांत शहराचा मधला भाग जळून गेला. त्याहून मोठं कारण असं, की हे शहर राजेरजवाड्यांचं कमी आणि व्यापाऱ्यांचं जास्त होतं. व्यापारी आपला पैसा जिथे घालतो तिथे पाहायची पर्यटकाच्या डोळ्यांना सवय नसते. दोन दिवस हाताशी असतील तर ते दोन्ही ओसाकातच घालवावेत आणि जिथे जाल तिथे एकच गोष्ट विचारावी, की हे कोणाच्या पैशाने उभं राहिलं? या एका प्रश्नाने हे शहर जितकं उलगडतं तितकं प्रेक्षणीय स्थळांच्या कुठल्याही यादीने उलगडणार नाही.

सुरुवात पुलांपासून करावी. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या तोकुगावा राजवटीत, ओसाकात सुमारे 200 पूल होते. त्यांतले सरकारी फक्त 12. बाकी सगळे त्या त्या वस्तीतल्या व्यापाऱ्यांनी पदरमोड करून बांधले आणि पुराने वाहून गेले की पुन्हा बांधले. शहर नदीच्या मुखाशी, कालव्यांच्या जाळ्यात वसलेलं. माल एका काठावर उतरायचा आणि गिऱ्हाईक दुसऱ्या काठावर असायचं, त्यामुळे पूल ही धर्मादायाची बाब नव्हती, पेढीची गरज होती. आजच्या योदोयाबाशी पुलाच्या नावात योदोया या धान्यव्यापारी घराण्याचं नाव आहे, कारण पहिला पूल त्यांनीच बांधला होता. 1705 मध्ये सरकारने या घराण्याची सगळी मालमत्ता जप्त केली. ठपका असा, की व्यापारी असून आपल्या पायरीला न शोभणाऱ्या थाटात राहतात. देशातले अनेक सरदार याच घराण्याचे कर्जदार होते, हे ध्यानात घेतलं तर जप्तीचं खरं कारण ओळखायला वेळ लागत नाही. पूल मात्र राहिला, नावही राहिलं. आज तिथे उभा आहे तो 1935 चा काँक्रीटचा पूल, आणि त्यावरून रोज हजारो नोकरदार कचेरीला जातात.

या पुलाजवळच, योदोयाच्या दारापुढे, तांदळाचा बाजार भरत असे. त्या काळी सरदारांचं उत्पन्न तांदळात मोजलं जाई. देशभरातून तो तांदूळ ओसाकाच्या नाकानोशिमा परिसरातल्या कोठारांत येई आणि विकून त्याचा पैसा केला जाई. 1697 मध्ये हा बाजार नदीपलीकडे दोजिमाला हलला आणि 1730 मध्ये सरकारने त्याला रीतसर मान्यता दिली. तिथे कोठाराच्या पावत्यांचा व्यवहार होत असेच. शिवाय तांदळाचा एक दाणाही न हलवता फक्त भावातल्या फरकाचा हिशेब मिटवणारे सौदेही होत. जगातला पहिला संघटित वायदेबाजार म्हणून अर्थशास्त्राचे अभ्यासक आज दोजिमाचंच नाव घेतात. भाव कळवायला टेकड्यांवर माणसं उभी असत. एकाने निशाण हलवायचं, पुढच्याने ते दुर्बिणीतून पाहून आपलं हलवायचं. अशा रीतीने ओसाकाचा भाव काही मिनिटांत क्योतोत पोचे. या सगळ्याची खूण म्हणून आज दोजिमाच्या काठावर तांदळाच्या दाण्याच्या आकाराचं एक स्मारक आहे. त्याची कल्पना तादाओ आंदो या ओसाकाच्याच वास्तुरचनाकाराची. ते पाहायला पाच मिनिटं पुरतात. मात्र तिथे उभं राहून नदीकडे पाहिलं, की पलीकडच्या बेटावर कचेऱ्यांच्या उंच इमारतींच्या जागी कोठारांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात.

पैशाच्या मागे लागलेल्या शहराने विद्येसाठी काय केलं, ही शंका इथे रास्त आहे. तिचं उत्तर याच भागात, दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. 1724 मध्ये पाच व्यापाऱ्यांनी मिळून काइतोकुदो नावाची पाठशाळा काढली. पेढीवरच्या पोराला अचानक काम निघालं तर त्याने शिकवणी मध्येच सोडून जायला हरकत नसे. ती वास्तू आता नाही. पण किताहामाच्या गल्लीत, दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती उभ्या असताना, एक बुटकं लाकडी घर अजून तग धरून आहे. हे तेकिजुकु, म्हणजे ओगाता कोआन या वैद्याने 1838 मध्ये सुरू केलेली डच भाषेची आणि वैद्यकाची शाळा. घर आधी एका व्यापाऱ्याचं होतं. आत गेल्यावर जवळजवळ उभा म्हणावा असा जिना आहे, आणि वर विद्यार्थ्यांची मोठी खोली. प्रत्येकाला एक ततामी, म्हणजे साधारण सहा फूट बाय तीन फुटांची एक चटई. त्यावरच झोपायचं, त्यावरच अभ्यास करायचा. कोणाला खिडकीपाशी जागा मिळणार आणि कोणाला येण्याजाण्याच्या वाटेवर, हे परीक्षेतल्या गुणांवर ठरे. मधल्या खांबावर तलवारीच्या वारांचे खोल ओरखडे आहेत. ते विद्यार्थ्यांनीच पाडले, असं सांगतात. शेजारच्या लहान खोलीत शाळेतला एकुलता एक डच-जपानी शब्दकोश असे, आणि त्याच्यापुढे रात्रभर रांग. इथेच शिकलेले फुकुझावा युकिची 2024 पर्यंत दहा हजार येनच्या नोटेवर होते. या खोलीत अर्धा तास शांत बसलं तर जपानने पुढे पाश्चात्त्य विज्ञान इतक्या झपाट्याने कसं आत्मसात केलं, याची बरीचशी उकल होते. तेकिजुकु सोमवारी बंद असतं, पण शनिवार-रविवारच्या पाहुण्याला त्याची अडचण नाही. उलट सुट्टीच्या दिवशी हा कचेऱ्यांचा भाग इतका रिकामा असतो, की रस्त्याच्या मधोमध चालावं.

तिथून नाकानोशिमा बेटावर आलं, की लाल विटांचं सार्वजनिक सभागृह दिसतं. ओसाकातली कुठली एकच इमारत पाहा असं सांगायची वेळ आली तर मी किल्ला सोडून हिचं नाव घेईन. इवामोतो एइनोसुके हा शेअरबाजारातला दलाल. 1909 मध्ये उद्योगपती शिबुसावा एइइचि यांच्या नेतृत्वाखाली जपानी व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ अमेरिकेला गेलं, त्यात तो होता. तिथले धनिक लोकांसाठी वास्तू बांधतात हे त्याने पाहिलं आणि 1911 मध्ये शहराला दहा लाख येन दिले. पुढे महायुद्धाच्या काळातल्या तेजीत त्याचे अंदाज चुकले आणि तो बुडाला. दिलेल्या पैशातला काही भाग परत माग, असं लोकांनी सुचवलं. त्याने ते मानलं नाही. 1916 मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. सभागृह पूर्ण झालं 1918 मध्ये. शेजारचं ग्रंथालय 1904 चं, सुमितोमो घराण्याने दिलेलं. त्याच बेटावरचं चिनी आणि कोरियाई भांड्यांचं संग्रहालयही अशाच देणगीतून उभं राहिलं. आताका ही व्यापारी कंपनी बुडाल्यावर तिचा संग्रह लिलावात विखरून जाऊ नये, म्हणून सुमितोमो गटातल्या कंपन्यांनी तो शहराला दिला आणि 1982 मध्ये संग्रहालय उघडलं. कोरियाच्या हिरवट झिलईच्या एखाद्या भांड्यासमोर इथे उभं राहिलं, की झिलईतल्या केसासारख्या बारीक तडासुद्धा मोजता येतात.

मग किल्ल्याचं काय? तो तर सरदारांचाच, आणि ओसाकाच्या प्रत्येक चित्रात तोच असतो. आक्षेप बरोबर आहे, पण किल्ल्यावरही तोच प्रश्न विचारून पाहावा. तोयोतोमी हिदेयोशी या सरदाराने 1583 मध्ये बांधायला घेतलेला किल्ला 1615 मध्ये जळाला. त्याच्या भिंती तोकुगावांनी मातीखाली गाडल्या आणि वर आपला नवा किल्ला चढवला, त्यामुळे खंदकाकाठच्या प्रचंड शिळा हिदेयोशीच्या नव्हेत. तोकुगावांचा मुख्य बुरूज 1665 मध्ये वीज पडून जळाला आणि पुढची अडीचशेहून अधिक वर्षं किल्ला बुरुजावाचूनच होता. आज दिसतो तो 1931 चा, काँक्रीटचा. आत लिफ्ट आहे म्हणून पर्यटक नाक मुरडतात, पण ती लिफ्ट पहिल्यापासूनच आहे. हा बुरूज लोकवर्गणीतून उभा राहिला. साधारण सहा महिन्यांत 15 लाख येन जमले. त्यांतले निम्म्याहून अधिक बुरुजाला लागलेच नाहीत. ती जागा लष्कराची होती, आणि जागा मोकळी करून घ्यायची तर लष्कराला नवी कचेरी बांधून देणं भाग होतं. ती कचेरी अजून बुरुजासमोर उभी आहे. नागरिकांनी आपल्या हौसेसाठी पैसा काढला आणि त्यातला मोठा वाटा सैन्याकडे गेला. 1930 च्या दशकातला जपान समजून घ्यायचा तर समोरासमोरच्या या दोन इमारती पुरेशा बोलक्या आहेत. बुरूज खोटा, असं म्हणण्यात मला अर्थ दिसत नाही. तो हिदेयोशीचा नाही, 1931 च्या ओसाकाकरांचा आहे, आणि त्यांचा म्हणून तो अगदी खरा आहे.

याहून गंभीर आक्षेप असा, की हे व्यापाऱ्यांचं गुणगान झालं. पूल बांधणारे तेच आणि तांदूळ कोंडून ठेवणारेही तेच. हे नाकारता येत नाही. 1830 च्या दशकात दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरत होती, आणि ओसाकाची कोठारं भरलेली होती. ओशिओ हेइहाचिरो या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने आणि विद्वानाने आपला ग्रंथसंग्रह विकून गरिबांना पैसे वाटले. व्यापारी आणि अधिकारी तरीही हलेनात, तेव्हा 1837 मध्ये त्याने उठाव केला. उठाव एका दिवसात मोडला, पण लागलेल्या आगीत शहराचा सुमारे पाचवा भाग जळाला, आणि त्यात गरिबांचीही घरं गेली. ‘कोणाच्या पैशाने’ या प्रश्नाला दुसरी बाजू आहे ती ही: कोणाच्या पोटातून? म्हणूनच हा प्रश्न मला उपयोगी वाटतो. त्यातून कौतुक निघतं तसा जाबही निघतो.

या हिशेबात मुंबईचंही पान आहे. 1883 मध्ये शिबुसावांच्या पुढाकाराने ओसाकात मोठी वाफेवरची सूतगिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत गिरण्या इतक्या वाढल्या, की ओसाकाला पूर्वेचं मँचेस्टर म्हणू लागले. गिरण्यांना कापूस हवा होता, आणि तो मुंबई बंदरातून निघे. वाहतूक मात्र ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मुठीत आणि भाडी चढी. 1893 मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले, शिबुसावांना भेटले, आणि त्याच वर्षी निप्पोन युसेन काइशा या जपानी कंपनीने टाटांच्या साथीने मुंबई ते कोबे अशी नियमित जहाजं सुरू केली. ब्रिटिश कंपनीने भाडी पाडून त्यांना संपवायचा प्रयत्न केला, पण जपानी गिरणीमालकांनी एकजूट केली आणि आपला माल नव्या जहाजांनाच दिला. त्या जहाजांतून कापूस गेला. पुढे त्याच कापसाचं स्वस्त जपानी सूत आणि कापड आशियाच्या बाजारात मुंबईच्या गिरण्यांच्या मालाशी टक्कर घेऊ लागलं. गिरणगावाच्या पुढच्या अडचणींचा एक धागा ओसाकापर्यंत जातो तो असा. शिबुसावा आता दहा हजार येनच्या नव्या नोटेवर आहेत. फुकुझावांच्या जागी 2024 मध्ये तेच आले. खिशात ती नोट असेल तर कितीतरी जुने संबंध आपण खिशात घेऊन हिंडत असतो.

उमेदापासून नांबापर्यंत शहराच्या मधून सरळ जाणारा मिदोसुजी हा रस्ता एकदा तरी पायी चालावा. चार किलोमीटरचं अंतर आहे, दोन्ही बाजूंना गिंक्गोची झाडं, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस सगळा रस्ता पिवळा होतो. पूर्वी ही अरुंद गल्ली होती. महापौर सेकि हाजिमे यांनी ती सुमारे 44 मीटर रुंद करायला घेतली, तेव्हा शहराच्या मधोमध विमानतळ करता आहात काय, असं लोकांनी विचारलं. खर्चाचा काही भाग रस्त्यालगतच्या मालमत्ताधारकांकडून वसूल झाला. रस्त्याने ज्याच्या जमिनीची किंमत वाढणार, त्याने आधी थोडं द्यावं. 1933 मध्ये याच रस्त्याखालून जपानमधली पहिली सार्वजनिक मालकीची भुयारी रेल्वे धावली. सुरुवातीला गाडीला एकच डबा होता, पण फलाट पुढच्या काळातल्या लांब गाड्यांच्या हिशेबाने बांधले होते. शिन्साइबाशी स्थानकाची उंच कमान आणि तिथले दिवे अजून तो आत्मविश्वास दाखवतात. सेकि 1935 मध्ये वारले. रस्ता पुरा झाला 1937 मध्ये. रस्त्याच्या उत्तर टोकाला, उमेदाला, कोबायाशी इचिझो यांनी 1929 मध्ये हान्क्यू रेल्वेच्या स्थानकालाच जोडून मोठं डिपार्टमेंट स्टोअर काढलं. त्यातलं लोकप्रिय खाणं होतं करी-राइस. मंदीच्या दिवसांत लोक नुसता भात मागवत आणि टेबलावरचा सॉस त्यावर ओतून खात. अशा गिऱ्हाइकाला हाकलण्याऐवजी कोबायाशींनी पाटी लावली, की नुसता भात घेणाऱ्यांचंही स्वागत आहे. आज रिकाम्या खिशाने आलेला माणूस उद्या बायकामुलांना घेऊन येईल, हा त्यांचा हिशेब. दयाही होती आणि धंदाही होता. ओसाकात या दोन गोष्टी वेगळ्या काढायला गेलं की हाती काही लागत नाही.

खाण्याचंही तसंच. ओसाकाच्या चवीचं मूळ कोंबू या समुद्री शेवाळात आहे, आणि ते ओसाकात उगवत नाही. उत्तरेच्या होक्काइदोहून व्यापारी गलबतं ते जपानच्या पश्चिम किनाऱ्याने वळसा घालून इथे आणत. शेजारच्या साकाइ गावातले सुरीकार प्रसिद्ध, म्हणून व्हिनेगरमध्ये मऊ केलेलं कोंबू धारदार सुरीने तासून कागदाहून पातळ करायची कलाही इथेच रुजली. उदोनचा वाडगा समोर आला, की रस्सा इतका फिका असतो की तळाच्या शेवया दिसतात. चव मात्र खोल. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाने इथे सावध राहावं. तो रस्सा केवळ कोंबूचा क्वचितच असतो. कुप्याच्या जातीतल्या माशाला उकडून, धुरी देऊन, वाळवून त्याचा जो कीस करतात, तोही त्यात असतो. ओकोनोमियाकीवर गरम वाफेने थरथरणारे पातळ पापुद्रे दिसतात तेही त्याच माशाचे. वरून भाज्या दिसल्या म्हणजे पदार्थ शाकाहारी असं धरू नये, आधी विचारावं.

संध्याकाळी दोतोनबोरीला जायलाच हवं. ती आता पर्यटकांची जत्रा झाली आहे, ही तक्रार खरी आहे. पण ती जागा पहिल्यापासून जत्रेचीच होती. 1612 मध्ये खाजगी पैशाने कालवा खणायला घेतला, आणि काठावर नाटकशाळा उभ्या राहिल्या. 1684 मध्ये ताकेमोतो गिदायु याने तिथे बाहुल्यांचं नाट्यगृह काढलं. त्याच्यासाठी चिकामात्सु मोन्झाएमोन याने 1703 मध्ये ‘सोनेझाकि शिन्जू’ लिहिलं, आणि कर्जातली नाटकशाळा सावरली. या शोकांतिकेचा नायक राजपुत्र किंवा योद्धा नाही, सोया सॉसच्या दुकानातला गुमास्ता आहे. मित्राला विश्वासाने उसने पैसे देतो. मित्र उलटतो, चिठ्ठीवरचा शिक्का चोरीचा असल्याचा आळ घेतो. बाजारात पत गेली की माणूस संपला, म्हणून हा गुमास्ता आपल्या प्रेयसीसह मरण पत्करतो. प्रेयसी दोजिमाच्या वस्तीतली. ते जिथे मेले तिथलं देऊळ आज उमेदाच्या खाणावळींच्या गर्दीत आहे. आपल्या दुकानातला नोकर शोकांतिकेच्या योग्यतेचा आहे, हे या गावाने इतक्या लवकर ओळखलं, याची बरोबरी कुठल्याही सुवर्णमंदिराने होईल असं मला वाटत नाही. ही बाहुल्यांची कला, बुनराकु, निप्पोनबाशीच्या राष्ट्रीय नाट्यगृहात पाहायला मिळते. प्रयोग बारा महिने नसतात, तारखा आधी पाहाव्यात. एका बाहुलीमागे तीन माणसं असतात, आणि थोड्या वेळाने ती तिन्ही दिसेनाशी होतात. प्रेक्षकांच्या पैशावर जगलेली ही कला आता सरकारी आधारावर जगते. 2012 मध्ये शहराच्या महापौरांनी अनुदानावर बोट ठेवलं, तेव्हा मोठा वाद झाला.

क्योतो अर्ध्या तासावर असताना ते सोडायचं का, हा शेवटचा आणि सगळ्यांत अवघड प्रश्न. क्योतोची थोरवी कमी करण्याचं काही कारण नाही. पण क्योतो एका दिवसात उरकण्याची जागा नाही; तिथल्या बागा घाईला दाद देत नाहीत. ओसाकाचा गाभा मात्र दोन दिवसांत बसतो. उमेदापासून तेन्नोजीपर्यंतचा पट्टा भुयारी रेल्वेने पंधराएक मिनिटांचा आहे, आणि मध्ये कुठेही उतरलं तरी चालण्यासारखं काही ना काही सापडतं.

रविवारची रात्र या पट्ट्याच्या दक्षिण टोकाला, शिन्सेकाइमध्ये घालवावी. 1912 मध्ये इथे पहिला त्सुतेनकाकु मनोरा उभारला गेला. 1943 मध्ये त्याच्या पायथ्याशी आग लागली, मनोरा पाडला आणि लोखंड युद्धाच्या कामी गेलं. युद्धानंतर आसपासच्या दुकानदारांनी भांडवल जमवलं आणि 1956 मध्ये 103 मीटरचा दुसरा मनोरा उभा केला. त्याची रचना नाइतो ताचू यांची, ज्यांनी दोन वर्षांनी तोक्यो टॉवर उभारला. इथून थोडं दक्षिणेला गेलं की रोजंदारी मजुरांची कामागासाकी ही वस्ती लागते. 1970 च्या जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामावर याच मजुरांनी घाम गाळला होता, आणि आज तिथल्या स्वस्त लॉजमध्ये त्यांच्यातले म्हातारे उरले आहेत. मनोऱ्याच्या अगदी टोकाला दिवे आहेत. ते उद्याचं हवामान सांगतात: निळा असेल तर पाऊस, नारिंगी असेल तर ढग, पांढरा असेल तर ऊन. खाली कुशिकात्सुच्या, म्हणजे काडीला टोचून तळलेल्या तुकड्यांच्या, दुकानात बसलेला माणूस बाहेर येतो, मान वर करून दिवा पाहतो आणि घरी जातो.